हात पोरांचे, आवाज कुणाचा?

२०२४ च्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेतल्या खेळाचं नाव होतं ‘क्रेसेंडो’. फोमच्या नारिंगी कड्या रोबोटने उचलायच्या आणि नेमून दिलेल्या जागी टाकायच्या. ‘स्पीकर’ नावाच्या उंच खिडकीत कडी गेली की दोन गुण. पण आधी ‘अँप’ नावाच्या खाचेत दोन कड्या जमा केल्या, की मैदानाबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला एक बटण दाबता येई. ते दाबलं की पुढचे दहा सेकंद, जास्तीत जास्त चार कड्यांपर्यंत, स्पीकरमधली प्रत्येक कडी पाच गुणांची. बटण घाईघाईत दाबलं आणि आपले रोबोट पार दुसऱ्या टोकाला कड्या हुडकत असले, तर दहा सेकंद पाण्यात. उशीर केला तर हातातल्या कड्या दोन-दोन गुणांवर खपून गेलेल्या. बटणावरचं बोट विद्यार्थ्याचंच हवं, असा नियम. “आत्ता दाब” हे कुणी म्हणायचं, याला मात्र वयाची अट नव्हती. आजही नाही.

या स्पर्धेचा एक सामना साधारण अडीच मिनिटांचा. पहिले काही सेकंद रोबोट आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमवर आपले आपण चालतात, उरलेला वेळ मुलं ते चालवतात. तीन संघ एका बाजूला, तीन दुसऱ्या. प्रत्येक संघाचे जास्तीत जास्त पाच जण मैदानाशी जातात. रोबोट चालवणारे विद्यार्थी, कड्या पुरवणारा किंवा बटण दाबणारा ‘ह्यूमन प्लेअर’ विद्यार्थी, रोबोटची डागडुजी बघणारा तंत्रज्ञही विद्यार्थीच. राहता राहिला ‘ड्राइव्ह कोच’. त्याच्या अंगावर कोचचा बिल्ला असतो आणि तो कुणीही असू शकतो: शाळकरी मुलगी, शाळेतले सर, किंवा मोटारीच्या कारखान्यात केस पांढरे झालेला अभियंता. कंट्रोलला हात लावायचा नाही, हे मुख्य पथ्य.

हा बिल्ला कुणी लावावा, यावरून रोबोटिक्सच्या जगात बरीच वर्षं वाद चालू आहे. मिशिगनमधल्या एका मराठी घरात तो एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर रंगला. मामा मूळचा सांगलीचा, आता डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहणारा, गाड्यांच्या ट्रान्समिशनमध्ये बुडालेला आणि मुलाच्या शाळेच्या संघाचा ड्राइव्ह कोच. मुलगा शाळा संपवून गेला, मामा राहिला. भाची पुण्याची. इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांत तिने रोबोकॉन या महाविद्यालयीन रोबोट-स्पर्धेशिवाय दुसरं काही केलं नाही, असं तिच्या आईचं म्हणणं. आता ती ॲन आर्बरला एमएस करते. शनिवारी मामाच्या संघाची जिल्हा स्पर्धा बघायला ती आली होती. प्लेऑफमध्ये दुसरा सामना हरल्यावर संघ बाहेर पडला.

“मामा, रोबोट झकास होता,” भाचीने सुरुवात केली. “पण काल मी सगळ्यात जास्त आवाज तुझाच ऐकला.”

“जिममध्ये शेकडो माणसं बोंबलत होती.”

“तरीसुद्धा.”

मामाने पोळी तोडली. ड्राइव्ह कोच नेमकं काय करतो हे हिला ठाऊक नसणार, असं समजून तो सांगायला लागला. ड्रायव्हरची नजर स्वतःच्या रोबोटला खिळलेली असते, कारण एवढं जड धूड धावत असताना नजर हलली की धडकच. त्यातून मैदान चोपन्न फूट लांब. रोबोट पलीकडच्या टोकाला, मधल्या एखाद्या खांबामागे गेला की ड्रायव्हरला त्याचा निम्माच भाग दिसतो. बाकीचे पाच रोबोट काय करताहेत, घड्याळात किती उरलंय, गुणफलक काय म्हणतोय, हे त्याने बघायचं कधी? ते कोच बघतो. “तीस सेकंद” म्हणतो. “डावीकडून ये, मध्ये अडवणारा आहे” म्हणतो. शेजारच्या दोन संघांच्या कोचशी एका वाक्यात सौदा करतो, की तू अडव, मी टाकतो. आणि शेवटी, आता कड्या टाकणं थांबवून गुणांसाठी मैदानातल्या साखळीवर चढायला जायचं की नाही, हे ठरवतो.

“हे सोळा वर्षांच्या मुलीला जमणार नाही?”

“जमतं की. कितीतरी चांगल्या संघांचे कोच विद्यार्थीच आहेत.”

“मग?”

“मग असं, की पोरं चार वर्षांत शाळा सोडून जातात. ड्रायव्हर जातो, प्रोग्रॅमर जातो. कोचही गेला तर दर जानेवारीला पाटी कोरी. खेळ तर दरवर्षी नवा येतो. निदान सामना वाचायची सवय तरी कुणाकडे टिकायला हवी ना?”

हा मुद्दा पोकळ नाही. या स्पर्धेचा नवा खेळ दर जानेवारीत जाहीर होतो आणि थोड्या आठवड्यांतच सामने सुरू होतात. पूर्वी तर साडेसहा आठवड्यांच्या आसपास रोबोट पिशवीत बंद करून सील लावावं लागे. ती अट २०२० पासून गेली, पण घाई गेली नाही. अशा हंगामात शिकायला सवड नसते आणि मैदानात जाऊन चुकत चुकत शिकायचं म्हटलं तर एका स्पर्धेत साखळी फेरीचे डझनभर सामने वाट्याला येतात. मामासारखा माणूस दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्याची खोड ओळखतो. पोराला ती ओळखू येईपर्यंत शनिवार संध्याकाळ उजाडते.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं आणि नियमावलीच काढली.

“कोचने कंट्रोलला हात लावायचा नाही. का रे?”

“कारण खेळ मुलांचा आहे.”

“अलायन्स निवडायला मैदानात कोण जातं?”

“विद्यार्थी. तोही नियम आहे.”

“इम्पॅक्ट अवॉर्डच्या मुलाखतीत तू बसतोस ना? तिथे तुला बोलता येतं?”

“नाही. गप्प बसून ऐकायचं.”

“म्हणजे परीक्षकांसमोर तू गप्प. जोडीदार निवडताना तू प्रेक्षकांत. कंट्रोलला तुझा हात चालत नाही. फक्त सगळ्यात महत्त्वाच्या अडीच मिनिटांत तुझी जीभ चालते. रोबोटला तुझा हात लागला काय आणि तू ‘डावीकडे, डावीकडे, थांब, टाक’ म्हणालास काय, फरक किती?”

मामी पहिल्यांदा हसली.

खरी गोम इथेच आहे. या स्पर्धेने रेघ मनगटाशी मारली आहे; दुसऱ्या स्पर्धांनी ती दाराशीच मारली. व्हेक्स रोबोटिक्समध्ये सामन्याच्या वेळी चालकांच्या जागेत फक्त विद्यार्थी असतात, मोठ्यांना तिथे मज्जाव. त्यांचं ‘विद्यार्थी-केंद्री’ धोरण त्याही पुढे जातं: रोबोटची बांधणी, प्रोग्रॅम, डावपेच, सगळं मुलांचंच हवं. लहान मुलांच्या लेगो लीगमध्ये टेबलाशी दोन मुलं उभी राहतात आणि प्रशिक्षक मागे. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडमध्ये तर स्पर्धेच्या दिवशी एक ‘सरप्राइज रूल’ जाहीर होतो, आदल्या रात्रीपर्यंत कुणालाच ठाऊक नसलेला, आणि तो उलगडायला मुलं एकटीच बसतात. त्या ऑलिंपियाडची जागतिक अंतिम फेरी २०१६ मध्ये भारतात, दिल्लीजवळ झाली होती. गंमत बघा, दहा-अकरा वर्षांच्या पोरांवर या स्पर्धा विश्वास टाकतात आणि सतरा वर्षांच्या पोराशेजारी मात्र मोठा माणूस चालतो.

मामाला हे टोचलं. पण त्याच्याकडे याला उत्तर होतं, आणि ते इतिहासातलं होतं.

“तू हे शाळेच्या परीक्षेसारखं बघतेस. डीन केमनने परीक्षा काढलीच नव्हती.”

डीन केमन म्हणजे सेगवे काढणारा संशोधक. १९८९ मध्ये त्याने ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. अमेरिकी मुलांना बास्केटबॉलचे खेळाडू माहीत असतात आणि अभियंता म्हणजे काय ते माहीत नसतं, ही त्याची चीड होती. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरातल्या एका हायस्कूलच्या जिममध्ये पहिली स्पर्धा झाली; २८ संघ होते. त्याच्या जोडीला एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स होते, आपल्या विद्यार्थ्यांना खोकंभर किरकोळ वस्तू देऊन त्यातून यंत्र बनवायला लावणारे आणि त्यांची जाहीर झुंज लावणारे. कल्पना अशी, की कंपन्यांतले खरे अभियंते आणि शाळेतली मुलं यांनी एकाच टेबलावर एकच यंत्र बनवावं. मुलाने अभियंत्याला विचार करताना, अडकताना, चिडताना, चूक कबूल करताना जवळून बघावं. रोबोट हे निमित्त.

“फुटबॉलचा कोच मैदानाच्या कडेला उभा असतो म्हणून कुणी म्हणत नाही की सामना मुलांचा नाही,” मामा म्हणाला. “मी त्या भिंतीमागे उभा राहतो तेव्हा ते पोरगं आणि मी एकाच अडचणीत असतो. बॅटरीची वायर सुटली, रोबोट मैदानात मेला, घड्याळ पळतंय. अशा वेळी मोठा माणूस घाबरत नाही, शिवी देत नाही, जोडीदाराला दोष देत नाही, हे त्या पोराला कुठल्या तासाला शिकवणार? वुडी फ्लॉवर्सच्या नावाने मेंटॉरसाठी पुरस्कार आहे, १९९६ पासून. त्यासाठी शिफारस कोण लिहितं माहितेय? विद्यार्थी.”

“त्या शिफारशीत मुलं काय लिहीत असतील? ‘सर सामन्यात ओरडून सांगायचे म्हणून आम्ही जिंकलो’?”

“अगं, तू वकील व्हायला हवं होतंस.”

इथे मामीने आमटीचं पातेलं पुढे सरकवलं आणि मामाची दुखरी नस दाबली. “तुझ्या त्या वूल्मरचं सांग ना हिला. मायक्रोफोनवाल्या.”

भाची तेव्हा जन्मलेलीही नव्हती. १५ मे १९९९, इंग्लंडमधलं होव्ह, विश्वचषकात भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि ॲलन डोनाल्ड कानात इअरपीस घालून क्षेत्ररक्षणाला उतरले. ड्रेसिंग रूममधून प्रशिक्षक बॉब वूल्मर त्यातून सूचना देत होते. नियमांत त्याला मनाई नव्हती. असं कुणी करेल हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नसेल. पाणी पिण्याच्या विश्रांतीत सामनाधिकाऱ्यांनी ते काढायला लावले आणि नंतर आयसीसीने त्यावर बंदीच घातली. आफ्रिका तो सामना जिंकली, हेही सांगायला हवं. मामा त्या रात्री कितीतरी वेळ ‘ही फसवणूक आहे’ म्हणून तणतणत होता, अशी मामीची साक्ष.

“ते वेगळं,” मामा म्हणाला. “ते व्यावसायिक होते.”

“म्हणजे पगारी कर्णधाराने स्वतः विचार करायला हवा आणि शाळकरी पोराने नको?”

मामा पाणी प्यायला. क्रिकेटचा दाखला त्याला अडचणीचा होता, कारण क्रिकेटमध्ये कर्णधारपद हे स्वतंत्र काम आहे, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. क्षेत्ररचना कुणी लावली, गोलंदाजी कुणी बदलली, यावर आपल्याकडे सकाळच्या चहापासून रात्रीच्या पानापर्यंत चर्चा चालते. प्रशिक्षक कितीही मोठा असला तरी सीमारेषेच्या आत निर्णय खेळणाऱ्याचा. ड्राइव्ह कोचचं काम या अर्थाने प्रशिक्षकाचं कमी आणि कर्णधाराचं जास्त आहे, नावात काही असो.

पण मामाचा हुकमी पत्ता अजून बाकी होता, आणि या लेखापुरतं सांगायचं तर मोठ्यांच्या बाजूने त्याहून वजनदार मुद्दा दुसरा नाही.

“काल आपण शेवटचा सामना का हरलो, बघितलंस ना? शेवटच्या वीस सेकंदांत मी म्हटलं, अजून एक फेरी मारू. रोबोट परत येईपर्यंत वेळ संपला, वर चढणं राहिलं. चूक माझी. आता विचार कर, ते एखाद्या अकरावीतल्या मुलीने म्हटलं असतं तर? संघात चाळीस पोरं. त्यांनी थंडीचे दोन महिने रात्री नऊ-नऊपर्यंत वर्कशॉपमध्ये काढलेत. आईबापांनी पैसे घातलेत. बसमध्ये परत येताना ती मुलगी कुठे बघणार? माझ्यावर चिडू देत त्यांना, मी सहन करीन. मला सोमवारी त्यांच्याबरोबर गणिताच्या तासाला बसायचं नाहीये.”

भाची थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने स्वतःची गोष्ट सांगितली. तिसऱ्या वर्षाला ती मैदानात होती. रोबोकॉनमध्ये रोबोट अडखळला तर ‘रिट्राय’ मागता येतो, म्हणजे पुन्हा सुरुवातीच्या जागेवरून निघायचं. सामना तीन मिनिटांचा, त्यात रिट्राय म्हणजे खाल्लेली सेकंदं. रोबोट अडकला नव्हता, नुसता डळमळत होता. तिने रिट्राय मागितला. संघ हरला. वसतिगृहात दोन दिवस ज्युनिअर पोरं तिच्याशी तुटक बोलत होती.

“वाईट वाटलं. खूप. पण तिसऱ्या दिवशी सरांनी चहाला नेलं आणि विचारलं, रिट्राय का मागितलास? मला कारण सांगता आलं. एका बाजूच्या मोटरचा आवाज बदलला होता, मला वाटलं चाक निसटतंय. ते खरं होतं की नाही यावर आम्ही तासभर भांडलो. तू आता तुझ्या ड्रायव्हरला फोन कर आणि विचार, काल शेवटी चढायला का गेला नाहीस. तो काय म्हणेल?”

मामाने उत्तर दिलं नाही. मामीने दिलं. “सर म्हणाले, म्हणून.”

“तुझं वय एकवीस होतं,” मामा थोड्या वेळाने म्हणाला. “आणि रोबोकॉनच्या आदल्या आठवड्यात तुमचे पासआउट सीनियर येऊन सगळे डावपेच लावून जायचे, हे तूच मला सांगितलेलं आहेस.”

“जायचे. मैदानात उभे राहायचे नाहीत.”

रोबोकॉनचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवळण घ्यायला हरकत नाही, कारण आशिया-पॅसिफिकमधल्या महाविद्यालयांची ही स्पर्धा पुण्यात दोनदा झाली आहे. २००८ मध्ये तिचा विषय होता ‘गोविंदा’, म्हणजे आपली दहीहंडी: रोबोटांनी हंडीतलं लोणी काढायचं. २०१४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ती परत आली, तेव्हाचा विषय होता पालकत्वाला सलाम. त्यात दोन रोबोट होते. एक पालक, त्याला माणसाने चालवलं तरी चाले. दुसरं लेकरू, ते मात्र स्वयंचलितच हवं. पालकाने लेकराला उचलून सीसॉवर बसवायचं, झोपाळ्यावर झोका द्यायचा. जंगल जिम मात्र लेकराने आपल्या आपण चढायची. विजेतेपद व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने नेलं. त्या खेळाचा आराखडा ज्यांनी केला त्यांना मामा-भाचीचा वाद ठाऊक असण्याचं कारण नाही, पण कुठे उचलायचं आणि कुठे सोडायचं याची यादी त्यांनी नियमांतच देऊन टाकली होती.

मामीचं म्हणणं अजून यायचं होतं, आणि ते दोघांहून वेगळं निघालं. ती स्पर्धेत स्वयंसेवक असते, ‘क्यूअर’ म्हणून. पुढच्या सामन्याचे सहा संघ आणि त्यांचे रोबोट ढकलगाड्यांवर रांगेत उभे करायचे, हे तिचं काम. साखळी फेरीत जोडीदार संगणकाने ठरवलेले असतात. आत्ता आपल्या बाजूला असलेला संघ तासाभराने समोर असू शकतो. त्यामुळे रांगेतल्या त्या दहा-पंधरा मिनिटांत तीन कोच डोकी जुळवून बेत आखतात.

“तिन्ही कोच पोरं असली की काय मजा असते,” मामी म्हणाली. “भांडतात, कागदावर बाण काढतात, ‘तुमचा रोबोट खरंच चढतो का, की नुसतं सांगताय?’ असं तोंडावर विचारतात. तिन्ही मोठे असले तरी ठीक. पण दोन पोरं आणि एक मोठा असला ना, की बेत एकाच मिनिटात ठरतो. मोठ्याचा. तो वाईट नसतो हं. नुसता उंच असतो, आवाज भारी असतो आणि त्याला घाई असते. पोरं मान डोलावतात. मग मैदानात जाऊन त्यांना जमत नाही, कारण त्यांच्या रोबोटला काय जमतं हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.”

“मी विचारतो,” मामा म्हणाला.

“विचारतोस. उत्तराला थांबत नाहीस.”

या एका निरीक्षणाने वादाची बाजूच बदलली. तोवर दोघं एकाच संघाचा विचार करत होते: मामा आणि त्याची मुलं. पण या स्पर्धेत कुणीही एकटा खेळत नाही. मामाचा अनुभव त्याच्या ड्रायव्हरच्या कामी येत असेल, पण त्याच वेळी शेजारच्या संघातल्या विद्यार्थी-कोचचा आवाज तो दाबत असतो, आणि त्या मुलीशी त्याचं कसलंही नातं नसतं. वुडी फ्लॉवर्स ज्याला ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ म्हणत, म्हणजे जीव तोडून खेळायचं आणि समोरच्याचा मानही ठेवायचा, त्याची कसोटी या रांगेत लागते. तिथे वयाचा उपयोग होत असेल तर तो शांत बसण्यासाठी व्हायला हवा.

आता आपल्याकडचं. भारतात विज्ञान प्रदर्शन म्हटलं की कित्येक घरांत आदल्या रात्री बाबा थर्माकोल कापत बसतात आणि आई वळणदार अक्षरात तक्ते लिहिते. मुलगा झोपलेला असतो. हे आपण विनोदाने सांगतो, पण त्याच सवयी रोबोटिक्समध्ये येतात तेव्हा त्यांच्यामागे क्लासची फी असते. २०१६ पासून केंद्राच्या अटल इनोव्हेशन मिशनने देशभर दहा हजारांवर शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या केल्या, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. त्यातल्या कितीतरी महाराष्ट्रात आहेत. २०१७ मध्ये वॉशिंग्टनला पहिलं ‘फर्स्ट ग्लोबल चॅलेंज’ झालं तेव्हा भारताचा संघ मुंबईच्या मुलांचा होता आणि त्याने अभियांत्रिकी रचनेचा झांग हेंग पुरस्कार आणला. म्हणजे साधनं आली, मुलंही तयार आहेत. अडचण मोठ्यांची आहे. पैसे मोजणाऱ्या पालकाला निकाल हवा असतो, पैसे घेणाऱ्या प्रशिक्षकाला तो द्यायचा असतो, आणि मुलाने चुकत चुकत शिकायला लागणारा वेळ दोघांनाही परवडत नाही. अशा ठिकाणी ‘कोच कुणीही चालेल’ असं म्हटलं तर बिल्ला मुलाच्या अंगावर येण्याची शक्यता फार थोडी.

मामाला हे पटलं, निदान भारतापुरतं तरी. स्वतःपुरती त्याने तडजोड काढली.

“बरं, उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत ऑफसीझन स्पर्धा असतात. तिथे नवे ड्रायव्हर बघतोच आम्ही. तिथे विद्यार्थी कोच ठेवीन.”

“ऑफसीझनला सगळेच उदार असतात, मामा.”

“मग काय करू?”

“जानेवारीत निवड कर. ड्रायव्हरची चाचणी घेतोस तशी कोचची घे. रोबोट चालवायला लागल्या दिवसापासून ती मुलगी ड्रायव्हरच्या मागे उभी राहू दे. सामन्यांचे व्हिडिओ तिच्याबरोबर बघ, दर दहा सेकंदांनी थांबव आणि विचार, आता काय? तुला जे दिसतं ते तिला दिसायला लागेपर्यंत विचार. मग स्पर्धेत तू मैदानाबाहेर पिटमध्ये थांब. सामना संपला की ती तुझ्याकडे येईल, तेव्हा बोल हवं तेवढं.”

“आणि ती हरली, आणि पोरं तिच्यावर चिडली तर?”

“तर तू तिला चहाला ने.”

“इथे पोरं चहा पीत नाहीत.”

“हॉट चॉकलेट पाज.”

मामाची भीती खोटी नव्हती आणि भाचीच्या उत्तराने ती संपतही नाही. पहिल्यांदाच उतरणारा संघ असेल, सगळेच नववीचे असतील, तर पहिल्या स्पर्धेला भिंतीमागे मोठा माणूस असण्यात वावगं काही नाही. वर्षानुवर्षं टिकलेल्या संघाला मात्र ही सबब उरत नाही. अनुभव टिकवायचा असेल तर तो वहीत टिकतो, व्हिडिओत टिकतो, बारावीच्या मुलीने दहावीच्या मुलाला शिकवून टिकतो. दरवर्षी पाटी कोरी होते ती कोच बदलल्यामुळे नव्हे, जाणाऱ्याने येणाऱ्याला काही सांगून ठेवलेलं नसतं म्हणून. आणि ओझ्याबद्दल म्हणाल, तर ओझं वाटून घेता येतं: हरलेल्या बसमध्ये सगळ्यांत आधी उठून “तो निर्णय मलाही बरोबर वाटला होता” असं म्हणणं, हे काम मोठ्या माणसाचंच आहे आणि त्याला बिल्ला लागत नाही. तेव्हा या वादात भाची बरोबर आहे, आणि मामाने सांगितलेली जोखीम खरी असूनही ती बरोबर आहे.

महाराष्ट्रातल्या मेंटॉरांसाठी, शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. हायस्कूलच्या मुलांची छोट्या रोबोटांची फर्स्ट टेक चॅलेंज ही स्पर्धा भारतातही होते. तिचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि तिथेही ड्राइव्ह कोच विद्यार्थी असावा की प्रौढ, हे नियमांनी संघावरच सोडलं आहे. म्हणजे नियम बदलायची वाट बघायला नको, कुणाची परवानगी नको, खर्च शून्य. या सप्टेंबरात संघाची पहिली बैठक होईल तेव्हा ड्रायव्हर आणि प्रोग्रॅमरच्या नावांबरोबर कोचचंही नाव फळ्यावर लिहा, आणि ते नाव हजेरीपटावरचं असू द्या.